चष्मा नाकावर, डोळा खिडकीवर!

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची क्रेझ परत आलीय. पण ज्यांना नंबर आहे त्यांनी काय करायचं? चष्मा काढून ठेवायचा, की कॅमेराच कपाटात परत टाकायचा? दोन्ही नाही! नांदेड-लातूरच्या चष्मिस दोस्तांसाठी हा खास फंडा...

कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या पावत्यांच्या पिशवीखाली, तपकिरी चामडी केसमध्ये एक कॅमेरा पडलेला असतो. कधी बाबांचा, कधी गल्फमध्ये नोकरीला असलेल्या मामाने आणलेला. यशिका, कॅनन नाहीतर मिनोल्टा. दिवाळीच्या साफसफाईत तो हाताला लागतो. आपण धूळ झटकतो, एकदम स्टाइलमध्ये डोळ्याला लावतो आणि... टक्! चष्म्याची काच आयपीसवर आपटते. कोपरे दिसत नाहीत. मधला पिवळसर चौकोन नुसता धूसर. चष्मा काढून बघावं, तर समोरचं जगच गायब! ‘आपलं काम नाही बॉस’ म्हणत कॅमेरा पुन्हा फळीवर जातो.

आपल्याकडे तर हे घरोघरी होण्यासारखं आहे. लातूर पॅटर्नच्या या पट्ट्यात दहावी-बारावीला पुस्तकात डोकं घालून घालून बसलेली आपली पिढी. लहान वयात जवळचं काम फार आणि बाहेर उजेडात खेळणं कमी, हे मायनस नंबर वाढण्यामागचं एक कारण मानलं जातं. पुढे कॉलेज, मग ऑफिस, दिवसभर मॉनिटर. माझा स्वतःचा नंबर मायनस तीन आहे. त्यामुळे हा लेख थोडा स्वार्थीही आहे, हे आधीच सांगून टाकते.

पण एक गोष्ट पहिल्याच फटक्यात क्लिअर करू या. ज्या कॅमेऱ्याला आपण ‘चष्मेवाल्यांचा नाही’ म्हणतो, तोच नीट निवडला तर चष्मेवाल्यांना छान जमतो. फक्त अडचण नेमकी कुठे आहे ते कळायला हवं.

दोन खिडक्या, एक फोकस

एसएलआर कॅमेऱ्यात आपण थेट लेन्समधूनच बघतो. आत आरसा, वर प्रिझम. लेन्सचा फोकस हलला की समोरचं चित्रच धूसर होतं. आता तुमच्या डोळ्यालाच नंबर असेल आणि चष्मा काढलेला असेल, तर धूसरपणा लेन्सचा की डोळ्याचा हे कळायला मार्ग नाही. सगळाच गोंधळ!

रेंजफाइंडरचं तसं नसतं. इथे तुमचा डोळा आणि लेन्स यांचा संबंधच नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक वेगळी खिडकी असते, तो व्ह्यूफाइंडर. त्यातून सगळं जग कायम शार्प दिसतं, दूरचं झाड आणि जवळचा माणूस दोन्ही. काही सेंटिमीटर बाजूला अजून एक छोटी खिडकी असते. तिच्यातलं चित्र आरसा आणि प्रिझममधून येऊन व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मधल्या छोट्या चौकोनात पडतं. म्हणजे त्या चौकोनात एकाच माणसाची दोन चित्रं दिसतात. फोकसची रिंग फिरवली की त्यातलं एक सरकतं. दोन्ही चित्रं एकमेकांवर बरोब्बर बसली की फोकस झाला. जमीन मोजणारे सर्व्हेयर दोन ठिकाणांहून कोन घेऊन अंतर काढतात ना, अगदी तेच तत्त्व.

आता यातली चष्मेवाल्यांच्या फायद्याची गोष्ट बघा. बारीक अक्षर वाचणं हे डोळ्याचं एक काम आणि दोन रेषा एका ओळीत आहेत की नाहीत हे ओळखणं हे दुसरं. या दुसऱ्या कामात माणसाचा डोळा भलताच तरबेज असतो, अक्षर वाचण्यापेक्षा कितीतरी पट. त्यामुळे नंबर थोडाफार चुकला असला, चष्मा दोन वर्षांपूर्वीचा असला, तरी विजेच्या खांबाच्या दोन रेषा जुळल्या की नाही हे समजतं. आणि एकदा का त्या जुळल्या, की फोटो शार्पच येणार. तुमच्या डोळ्याचा नंबर काही फिल्मवर उतरत नाही!

मग घोडं अडतं कुठे?

अडचणी दोन आहेत आणि बहुतेक लोक त्यांची खिचडी करतात.

पहिली अडचण नंबरची. चष्मा काढला तर मधला चौकोन आणि फ्रेमच्या पांढऱ्या रेषा इतक्या धूसर होतात की दोन चित्रं वेगळी दिसतच नाहीत. मायनस अर्धा-पाऊण असेल तर भागून जातं, मायनस तीनला नाही.

दुसरी अडचण अंतराची. चष्मा घातला की नंबरचा प्रश्न सुटतो, पण डोळा आयपीसपासून दीड-दोन सेंटिमीटर मागे सरतो. घराच्या खिडकीचं उदाहरण घ्या. गजांना नाक लावून उभं राहिलं तर अख्खं अंगण दिसतं. तिथून चार पावलं मागे आलात की फक्त तुळशीवृंदावन. अंगण तेवढंच आहे, खिडकी तेवढीच आहे, तुम्ही मागे सरलात. व्ह्यूफाइंडरचंही असंच होतं. मधला भाग मस्त दिसतो, कडा कापल्या जातात. डोळा किती मागे ठेवला तरी पूर्ण चित्र दिसेल, त्या अंतराला फोटोग्राफर लोक ‘आय रिलीफ’ म्हणतात. निकॉनने १९८२ मध्ये एफ-३ एचपी हा एसएलआर काढला तो खास याचसाठी. त्यात डोळा २५ मिलिमीटर मागे असला तरी पूर्ण फ्रेम दिसायची. चष्मेवाल्यांनी तो डोक्यावर घेतला नसता तरच नवल!

लेन्सलाच चष्मा!

रेंजफाइंडर म्हटलं की पहिलं नाव लायका. ऑस्कर बारनॅक या इंजिनिअरने बनवलेला हा छोटा जर्मन कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. १९३२ च्या मॉडेलपासून त्यात लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर होता. १९३३ च्या लायका-३ मध्ये तर रेंजफाइंडरच्या आयपीसला एक छोटी दांडी होती. ती फिरवली की डोळ्याच्या नंबरप्रमाणे चित्र स्पष्ट करता यायचं. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच चष्मेवाल्यांचा विचार झाला होता!

१९५४ मध्ये लायका एम-३ आला. व्ह्यूफाइंडर आणि रेंजफाइंडर एकाच मोठ्या, झगझगीत खिडकीत. लोक खूश. पण या सगळ्यात ती दांडी गेली! एम मालिकेच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत ती पुन्हा आली नाही. त्याऐवजी नंबरची छोटी गोल काच वेगळी विकत घ्यायची आणि आयपीसवर आट्यांनी बसवायची.

आणि गंमत बघा, ज्या सोव्हिएत कॅमेऱ्यांना लोक ‘गरिबांचा लायका’ म्हणून नाकं मुरडत, त्या झोर्की-४ आणि फेड-२ मध्ये नंबरची दांडी होती. रिवाइंडच्या बटणाजवळ. फिरवा आणि बघा, विषय संपला! अशा वेळी स्वस्त मालच शहाणा वाटतो.

लायकाचा अजून एक किस्सा भारी आहे. एम-३ च्या खिडकीत ५० मिलिमीटर आणि त्याहून लांबच्या लेन्सच्याच चौकटी होत्या. मग ३५ ची वाइड लेन्स लावणाऱ्यांचं काय? कंपनीने लेन्सच्या डोक्यावर दोन काचांची एक जोडणी बसवली. ती कॅमेऱ्याच्या खिडक्यांसमोर येऊन नजरेचा पसारा वाढवायची. दिसायला हुबेहूब चष्मा! फोटोग्राफर आजही तिला ‘गॉगल्स’च म्हणतात. तेव्हा ऑफिसमध्ये कुणी ‘चष्मिस’ म्हणून चिडवलं तर सांगा, लायकाच्या लेन्सलाही चष्मा होता.

काढू की ठेवू?

आता मुद्द्याचं. कॅमेऱ्यातच नंबर बसवून चष्मा काढावा का?

लायकाच्या नंबरच्या काचा मायनस ३ ते प्लस ३ पर्यंत मिळतात. पण हिशेबात एक मेख आहे. लायका एमचा आयपीस मुळातच मायनस अर्धा असतो. म्हणून तुमचा लांबचा नंबर मायनस ३ असेल तर काच मायनस अडीचची हवी आणि प्लस १ असेल तर प्लस दीडची. थेट चष्म्याचा आकडा सांगून ऑर्डर दिली की अर्ध्या नंबराचा फरक पडतो.

दुसरी मेख सिलिंडर नंबरची. या तयार काचा फक्त साध्या, म्हणजे स्फेरिकल नंबरच्या असतात. सिलिंडर असेल तर चष्म्याच्या दुकानात आपल्या नंबरची काच छोटी गोल कापून आयपीसच्या रिंगमध्ये बसवण्याचा जुगाड करता येतो. नांदेड-लातूरमध्ये काचा घासून-कापून देणारे कसबी कारागीर आहेतच. पण सिलिंडरला दिशा असते. कॅमेरा आडवा असताना ती बरोबर बसवली, तर उभा फोटो घेताना कॅमेऱ्यासोबत काचही ९० अंशात फिरते. तुमचा डोळा काही फिरत नाही! म्हणजे आडवे फोटो झकास आणि उभ्या फोटोत पुन्हा धूसर. चष्म्यात हा प्रॉब्लेम येतच नाही, कारण तो कॅमेऱ्यावर नाही, नाकावर असतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोटो काही कॅमेरा डोळ्याला लावल्यावर सुरू होत नाही. तो त्याच्या आधी सुरू होतो. रस्त्याच्या पलीकडे आजोबा नातवाला पेरू कापून देतायत, हे तुम्हाला आधी उघड्या डोळ्यांनी दिसावं लागतं. चष्मा खिशात असेल तर ते दिसणारच नाही. चष्मा घाल, बघ, काढ, कॅमेरा लाव, तोपर्यंत पेरू संपलेला! शिवाय रेंजफाइंडरची खिडकी डाव्या कोपऱ्यात असते. उजवा डोळा आत आणि डावा डोळा बाहेर मोकळा. चष्मा असेल तर तो मोकळा डोळाही कामाचा, फ्रेमबाहेरून कोण येतंय ते सांगणारा.

म्हणून माझं सरळ मत, चष्मा ठेवा. कॅमेरा आणि लेन्स त्याला सांभाळून निवडा. ज्यांना डोळे मानवतात त्यांनी डॉक्टरांना विचारून कॉन्टॅक्ट लेन्स वापराव्यात. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यातली धूळ आणि कोरडी हवा लक्षात ठेवूनच!

पन्नासला काही तोड नाही

मग निवडायचं काय? व्ह्यूफाइंडर जग किती लहान करून दाखवतो, तो आकडा बघायचा. एम-३ चा ०.९१, म्हणजे जवळजवळ खऱ्या आकाराएवढं. एम-६ आणि बऱ्याच लायकांचा ०.७२. काही मॉडेल्स ०.५८ ची पण निघाली. आकडा जितका कमी, तितकं जग लहान आणि चष्म्यामागून चौकट दिसायला सोपी. पण चित्र लहान झालं की फोकसची अचूकता थोडी कमी होते. फुकट काहीच मिळत नाही!

०.७२ च्या कॅमेऱ्यात चष्मा घालून २८ ची चौकट बघायची तर डोळा चारी बाजूंना फिरवावा लागतो. ३५ ची काठाकाठाने दिसते. ५० ची मात्र आरामात दिसते, आजूबाजूला मोकळी जागा ठेवून. ही मोकळी जागा हीच तर रेंजफाइंडरची मजा! चौकटीत कोण शिरणार आहे ते आधीच दिसतं. आणि ५० मध्ये काही कमीपणा नाही बरं का. ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर मुख्यतः ५० च वापरत राहिला. १९४७-४८ मध्ये तो भारतात होता, गांधीजींच्या शेवटच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे त्याचे फोटो जगभर गेले.

लायका नवा घ्यायचा म्हणजे सेकंडहँड कारचा हिशेब. टेन्शन नाही! घरातला यशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६ पासूनचा) किंवा कॅननेट क्यूएल-१७ जी-३ (१९७२) बघा. पहिल्याला ४५ ची, दुसऱ्याला ४० ची लेन्स, तीही पक्की बसवलेली. एकच चौकट, म्हणजे कन्फ्यूजन नाही. यशिकाची मूळची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, त्यासाठी अॅडॅप्टर लागतो. फिल्मच नको असेल तर फुजीची एक्स-१०० मालिका आहे. २०११ च्या पहिल्या मॉडेलपासून तिच्यात नंबर जुळवायचं चाक खिडकीजवळच आहे. खरा रेंजफाइंडर नाही, पण खिडकीतून बघण्याचा फील तोच.

गोलाईत ट्राय, माळेगावात एक्झाम

प्रॅक्टिससाठी लातूरच्या गंजगोलाईसारखी जागा नाही. १९१७ ची ती दुमजली गोल इमारत, मध्ये देवीचं मंदिर आणि भोवती फुटणारे सोळा रस्ते. मिरचीपासून सोन्यापर्यंत सगळा बाजार. दुकानांच्या दारांच्या, खांबांच्या उभ्या रेषा शोधा आणि त्यांच्यावर दोन चित्रं जुळवत बसा. रेंजफाइंडरला उभी रेषा फार आवडते, कारण त्याचं चित्र आडवं सरकतं. नांदेडला गोदावरीचा नगिना घाट सकाळी बेस्ट. गुरुद्वारा परिसरात डोकं झाका, फोटोची परवानगी आधी विचारा.

आणि गर्दी असेल तर? होळीच्या दुसऱ्या दिवशीची नांदेडची हल्लाबोल मिरवणूक किंवा लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. घोडे, उंट, धूळ, हवेत भंडारा. इथे चौकोन जुळवत बसलात तर घोडा निघून जाईल! इथे चष्मेवाल्यांना सगळ्यात सोपी युक्ती चालते, अंदाजाचा फोकस. लख्ख ऊन, १०० ची फिल्म, एफ ८, शटर १/५००. लेन्स ३५ ची असेल तर फोकस ३ मीटरवर लावून विसरून जा. साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं शार्प येईल. लेन्स ५० ची असेल तर ५ मीटरवर लावा, साडेतीन ते साडेनऊ मीटर तुमचं. इथे खिडकीचं काम फक्त चौकट बघण्यापुरतं. नंबर कितीही असो!

बाबांना परत द्या

आता ज्यांचा कॅमेरा होता त्यांच्याबद्दल. चाळिशी लागली की जवळचं दिसेनासं होतं. बऱ्याच बाबांनी तेव्हाच कॅमेरा ठेवून दिला, ‘आता डोळे गेले’ म्हणत. खरं तर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र डोळ्याला जवळ नसतं, लायकात ते साधारण दोन मीटरवर असल्यासारखं दिसतं. तिथे वाचायचा चष्मा नको, लांबचा हवा. बायफोकल असेल तर काचेच्या वरच्या भागातून बघायचं. त्यांची अडचण फक्त लेन्सवरचे आणि शटरचे बारीक आकडे वाचण्याची, त्याला तुम्ही आहात की! सेटिंग तुम्ही करा, चौकट त्यांना बघू द्या. तुमच्या लहानपणीचे फोटो ज्यांनी काढले, त्यांचे स्वतःचे फोटो अल्बममध्ये किती आहेत ते एकदा मोजा. मग रोलमधले थोडे त्यांच्या हातून, थोडे त्यांचे.

या रविवारची टेस्ट

१. आधी डोळे तपासा. वर्षभरात नंबर काढला नसेल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

२. मग कॅमेरा तपासा. चष्मा घालून दूरचा टॉवर किंवा रात्री चंद्र बघा. रिंग अनंतावर असताना दोन चित्रं जुळली नाहीत तर चूक डोळ्याची नाही, रेंजफाइंडर हललाय. जाणकाराकडून दुरुस्त करून घ्या.

३. मधला चौकोन फिका असेल तर समोरच्या खिडकीच्या मधोमध गडद जिलेटिनचा इवलासा तुकडा चिकटवा. चौकोन उठून दिसतो.

४. आयपीसची रिंग धातूची असेल तर पातळ रबरी वायसर बसवा. चष्म्याच्या प्लास्टिक काचांवर ओरखडे पटकन पडतात.

५. यात्रेतली धूळ किंवा भंडारा काचेवर बसला तर आधी फुंकणीने उडवा, मग पुसा. कोरडं घासू नका.

६. विकत घेण्याआधी स्वतःचा चष्मा घालूनच खिडकीतून बघा. ज्या लेन्सची चौकट चारी बाजूंनी दिसते, ती तुमची लेन्स.

एका रोलमध्ये ३६ फोटो. रोल धुऊन स्कॅन करायला बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या लॅबला कुरिअर करावा लागतो, म्हणजे आठवडाभर वाट बघायची. मोबाइलच्या जमान्यात ही वाट बघणंसुद्धा थ्रिलिंग आहे यार! आणि कपाटातल्या त्या कॅमेऱ्याला काहीही फरक पडत नाही, तुमच्या नाकावर चष्मा आहे की नाही. त्याला फक्त कुणीतरी फळीवरून खाली काढायला हवं.